रक्त एकदाच दिसलं, तरीही

मे महिन्यात संभाजीनगरचा पारा चाळिशी ओलांडून वर गेला की क्रांती चौकातल्या रसवंतीपासून मेडिकलच्या काउंटरपर्यंत एकच निदान ऐकू येतं: "उन्हाळे लागलेत." लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं, रंग गडद पिवळा. उपायही ठरलेले. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा घातलेला माठ, बार्ली. यातलं काही वाईट नाही. पोटात पाणी गेलं की उन्हाळे बहुधा दोन दिवसांत जातात. घोटाळा होतो तो लाल लघवीही याच खात्यात जमा केली जाते तेव्हा.

हा लेख त्या लाल लघवीबद्दल आहे. त्यातही जी न दुखता, न जळता येते, एक-दोनदा दिसते आणि आपली आपण थांबते तिच्याबद्दल. मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाचं सगळ्यात नेहमीचं पहिलं लक्षण हेच. पिशवीच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ नाजूक असते. तिच्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, लघवी लाल होते, मग तिथे गुठळी धरते आणि रक्त थांबतं. पुढचं रक्त आठवड्याने दिसेल किंवा सहा महिन्यांनी. मधल्या काळात गाठ वाढतच असते. त्यामुळे रक्त थांबलं म्हणून डॉक्टरकडे जाणं रद्द करू नका, आणि एखादा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तपास अर्ध्यावर सोडू नका.

घाबरवायचा हेतू नाही. लघवीतून डोळ्यांना दिसेल इतकं रक्त गेलं म्हणून युरोलॉजिस्टकडे पोचलेल्या दहा माणसांत साधारण एक-दोघांना कर्करोग निघतो. बाकीच्यांत मूत्रखडे, जंतुसंसर्ग, वाढलेली प्रोस्टेट, कधी मूत्रमार्गाचा क्षयरोग, कधी किडनीचा विकार. पण आपण त्या आठात की दोघांत, हे घरी बसून कळत नाही.

आधी नीट बघा. लालचे प्रकार बरेच आहेत: फिकट गुलाबी, मटण धुतलेल्या पाण्यासारखा, कोकमाच्या सरबतासारखा, कधी काळ्या चहासारखा. आपल्याकडच्या भारतीय पद्धतीच्या संडासात, त्यातही पिवळ्या बल्बच्या उजेडात, फिकट गुलाबी रंग सहज निसटतो. शंका आली तर पुढची लघवी पांढऱ्या प्लास्टिकच्या वाडग्यात किंवा पारदर्शक बाटलीत धरा आणि दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लाज वाटायचं कारण नाही. डॉक्टरपुढे बसाल त्या दिवशी लघवी स्वच्छ असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा हा फोटोच तुमचा साक्षीदार. सुरुवातीला लाल आणि मग साफ, की पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल, की शेवटचे थेंब तेवढे लाल, हेही लक्षात ठेवा. रक्त कुठून येत असावं याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात. गुठळ्या पडल्या असतील तर तसं सांगा.

लाल दिसणारं सगळं रक्तच असतं असंही नाही. बीटाची कोशिंबीर भरपूर खाल्ली तर काहींना लाल लघवी होते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने ती नारिंगी-तांबडी होते, आणि ते अपेक्षितच असतं. लघवीच्या जळजळीवर दिल्या जाणाऱ्या एका गोळीनेही ती भगवी होते. साध्या लघवी तपासणीत हा प्रश्न मिटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या तर ते रक्त, नाहीतर नाही. रिपोर्टवर 'आरबीसी' या ओळीपुढे एका क्षेत्रात तीन किंवा अधिक असा आकडा असेल, तर डोळ्यांना काही दिसत नसलं तरी डॉक्टर त्याची दखल घेतात.

आणखी एक पळवाट हृदयरोग्यांच्या घरात हमखास सापडते: "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, त्याने होत असेल." त्या गोळीने आधीच नाजूक असलेल्या जागेतून रक्त लवकर सुटतं हे खरं. पण ती जागा नाजूक का झाली हे शोधावंच लागतं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

कर्करोगाची इतर लक्षणं फसवी आहेत. वारंवार लघवीला जावंसं वाटणं, आली की थांबवता न येणं, लघवीच्या वेळी आग. ही जंतुसंसर्गातही असतात आणि पन्नाशीनंतरच्या पुरुषाला प्रोस्टेटमुळेही. फरक असा की प्रतिजैविकाचा एक पुरेसा कोर्स होऊनही ती जात नाहीत, किंवा जातात आणि पुन्हा येतात. कंबरदुखी, पायावर सूज, वजन उतरणं ही उशिराची चिन्हं. तिथवर वाट पाहायची नसते.

बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, असं जगभर दिसून आलं आहे. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त आढळतो, त्यामुळे बाईच्या बाबतीत तो पटकन कुणाच्या मनातच येत नाही. शिवाय रक्त दिसलं की ते पाळीच्या किंवा पाळी जाण्याच्या काळातल्या गडबडीच्या नावावर टाकलं जातं. त्यात आपल्या शहराचाही हातभार आहे. क्रांती चौकात धरणं किंवा मोर्चा असला की खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका सकाळपासून पाण्याला शिवत नाहीत, कारण जायचं कुठे हा प्रश्न. रोज जालना रोडवर कामाला येणाऱ्यांचंही तेच. मग संसर्ग वरचेवर होतो, दर वेळी तीच ठरलेली गोळी घेतली जाते, आणि एखाद्या वेळी त्या जुन्या संसर्गाच्या आड नवं काही असलं तरी तपासलं जात नाही. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर ते लघवीतून आहे की अंगावरून, हे आधी ठरवा, गरज पडली तर स्वच्छ कापसाचा बोळा लावून. आणि दोन्ही बाबतींत डॉक्टर गाठा.

कुणाला धोका जास्त? चाळिशी-पन्नाशीपुढे तो वाढत जातो, पण तरुणांना होतच नाही असं नाही. कारणांत पहिला नंबर बिडी-सिगारेटचा. तंबाखू म्हटलं की आपल्याला तोंड आणि फुफ्फुस आठवतं, पिशवी नाही. धुरातली घातक रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि लघवीबरोबर पिशवीत तासन् तास साठून राहतात. अस्तर त्यात भिजत राहतं. न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला हा धोका तीन-चार पट. "मी दहा वर्षांपूर्वी सोडली" हे डॉक्टरांना अभिमानाने सांगा, पण सांगाच. सोडल्याने धोका उतरतो, पण शून्यावर येत नाही.

दुसरं कारण कामाच्या जागेचं. लुडविग रेन नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत पिशवीच्या गाठी दाखवून दिल्या, त्यानंतर रंग, रबर, चामडं आणि काही रसायनांचे उद्योग धोक्याच्या यादीत आले. बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. अडचण अशी की संपर्क आणि आजार यांत वीस-तीस वर्षांचं अंतर पडू शकतं. वाळूज-चिकलठाण्यात, किंवा त्याआधी मुंबई-ठाण्यात रंगखात्यात काम करून निवृत्त झालेल्या माणसाला तो काळ आजाराशी जोडावासा वाटतच नाही. डॉक्टरांनी 'काय करता' विचारलं की 'रिटायर आहे' म्हणून थांबू नका. कुठल्या खात्यात, किती वर्षं, हे सांगा. पूर्वी ओटीपोटाला रेडिएशन दिलेलं असणं, सायक्लोफॉस्फमाइड हे औषध घेतलेलं असणं, वर्षानुवर्षं लघवीची नळी असणं याही सांगायच्या गोष्टी.

जाता जाता एक महाराष्ट्रातलीच हकिकत. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावी लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी त्यामागे शिस्टोसोमा हा परजीवी असल्याचं दाखवलं. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत माणसात शिरणारा हा किडा इजिप्तसह आफ्रिकेत पिशवीच्या कर्करोगाचं मोठं कारण ठरला आहे. मराठवाड्यातल्या रुग्णाला त्याची चिंता करायची गरज नाही. पण आफ्रिकेत नोकरीला राहून आलेल्याने डॉक्टरांना तेवढं जरूर सांगावं.

आता नेमकं करायचं काय. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे आधी गेलात तर काही चुकलं नाही. चुकतं ते थेट मेडिकलमधून अँटिबायोटिकची पाकिटं आणि लघवी साफ होण्याचं सिरप आणण्यात. तीन दिवसांत रक्त थांबतं, जे एरवीही थांबलंच असतं, आणि सगळं श्रेय गोळीला जातं. पुढच्या वेळी तीच गोळी. या फेऱ्यात वर्ष जाऊ शकतं. म्हणून एक साधा क्रम पाळा: अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर द्या. कल्चरमध्ये जंतू वाढलेच नाहीत, तर ते रक्त साध्या संसर्गाचं नव्हतं असं धरून पुढे चला. जंतू सापडले, तर औषध पूर्ण करून लघवी पुन्हा तपासा. तरी तांबड्या पेशी असल्या तर युरोलॉजिस्ट. आणि पंचेचाळिशी पुढचं वय, डोळ्यांना दिसलेलं रक्त आणि संसर्गाचा पुरावा नाही, अशी जुळणी असेल तर वाट पाहण्यासारखं काही उरतच नाही. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत असा रुग्ण तातडीने कर्करोगाच्या तपासासाठी पाठवायला सांगितलं आहे.

पुढचं दार कोणतं, यात आपल्याकडे उगाच गोंधळ होतो. 'कॅन्सर' हा शब्द कानावर पडला की नातेवाईक रुग्णाला घेऊन सरळ आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे निघतात. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे रुग्णालय अख्ख्या मराठवाड्याचा आधार आहे, पण या आजारात निदानाची पहिली पायरी युरोलॉजिस्टच्या हातातल्या दुर्बिणीची असते. म्हणून आधी घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. क्रांती चौकातून पैठण गेट, औरंगपुरा करत रिक्षा तिकडे जाते. केस पेपर काढतानाच युरोलॉजीची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. तो वार नसेल तर सर्जरीच्या ओपीडीत दाखवून नोंद करून घ्या. सकाळी लवकर पोचा, जुने सगळे रिपोर्ट न्या. खासगीत जायचं तर मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयांपासून स्वतंत्र युरोलॉजिस्टपर्यंत शहरात पर्याय भरपूर आहेत. तिथे एकच विचारा: दुर्बिणीची तपासणी आणि गाठ काढण्याची सोय इथेच आहे ना?

एक प्रसंग मात्र ओपीडीची वाट पाहण्याचा नाही. गुठळ्यांनी मार्ग अडला, लघवीची जोराची भावना आहे आणि एक थेंबही होत नाही, ओटीपोट टणक झालंय, अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी. जाड नळी घालून पिशवी धुवावी लागते. पाणी पी, आपोआप होईल, असं म्हणत बसू नका. अडलेल्या पिशवीत पाणी वाढवून वेदनाच वाढतात.

तपासण्यांत पहिली सोनोग्राफी. पिशवी भरलेली असावी लागते. त्यासाठी तासभर आधी चार-पाच पेले पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. सेंटरवरच्या बाकावर तळमळत बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. कंटाळून थोडी करून आलात तर अर्धवट भरलेल्या पिशवीच्या सुरकुत्यांत छोटी गाठ लपते. आणि पिशवी नीट भरलेली असतानाही काही मिलिमीटरची गाठ किंवा अस्तराला सपाट चिकटून पसरलेला प्रकार सोनोग्राफीत दिसत नाही. इथेच बरेच जण परत फिरतात. हातात 'नॉर्मल स्टडी' लिहिलेला कागद असतो, रक्तही थांबलेलं असतं, घरात पेढे वाटायचेच बाकी. सोनोग्राफीत गाठ दिसली तर ती बहुधा आहे. दिसली नाही तर ती नाहीच, असं म्हणता येत नाही.

किडनीपासून पिशवीपर्यंतचा सगळा मार्ग पाहण्यासाठी बहुधा सीटी युरोग्राफी सांगतात. त्यात शिरेतून एक द्रव्य सोडतात, ज्याला सगळे 'डाय' म्हणतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं जातं. किडनी कमजोर असेल, पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आधी सांगा. मेटफॉर्मिन थांबवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. डाय गेली की अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते.

लघवीची सायटॉलॉजी म्हणजे लघवीत सुटून आलेल्या पेशींमध्ये कर्करोगाच्या पेशी शोधणं. इथे बाकीच्या तपासण्यांपेक्षा उलटा नियम: सकाळची पहिली लघवी द्यायची नाही, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी फुगून खराब होतात. दुसरी किंवा नंतरची द्यायची, ताजी, आणि लगेच लॅबमध्ये पोचवायची. आक्रमक आणि सपाट पसरणारा प्रकार ही तपासणी चांगला पकडते. मवाळ गाठी मात्र तिच्या हातून सुटतात.

आणि मग दुर्बीण, सिस्टोस्कोपी. लोक पळतात ते इथून, म्हणून जरा जवळून सांगतो. लवचीक दुर्बीण साधारण पाच मिलिमीटर जाडीची असते. टेबलावर झोपवून जागा औषधाने पुसतात, लघवीच्या मार्गात बधिर करणारी थंड जेली सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. मग दुर्बीण हळूहळू आत. पुरुषांना प्रोस्टेटच्या जागी एक कळ जाणवते. त्या क्षणी लघवी करतोय असं समजून अंग सैल सोडा आणि श्वास रोखू नका, म्हणजे ती पटकन पार होते. बायकांचा मार्ग आखूड असल्याने त्यांना त्रास कमी. पिशवी सलाइनने भरतात, त्यामुळे लघवी लागल्यासारखं वाटतं. पुढच्या पाच-दहा मिनिटांत भिंतीचा कोपरान् कोपरा पडद्यावर दिसतो. अनेक डॉक्टर रुग्णालाही दाखवतात. निरोगी अस्तर फिकट गुलाबी आणि गुळगुळीत असतं, वर बारीक शिरांची जाळी. बहुतेक गाठी त्यावर पाण्यातल्या शेवाळासारख्या डोलताना दिसतात. काही ठिकाणी लवचीक दुर्बीण नसते. तिथे कडक दुर्बिणीने, कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन हेच केलं जातं, आणि गाठ दिसली तर त्याच वेळी काढायची संमतीही आधी घेतात. सही करण्यापूर्वी दोन्हींपैकी कोणतं आहे ते विचारून घ्या. नंतर एक-दोन दिवस आग आणि गुलाबीसर लघवी चालते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर परत जा.

गाठ सापडली तर लघवीच्या मार्गातूनच, पोटाला कुठेही न कापता, ती खरवडून काढतात. डॉक्टर मंडळी या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात. "तुकडा काढला की पसरतो" ही समजूत काढून टाका. या आजारात तुकड्याशिवाय निदानच पूर्ण होत नाही. दोन-तीन दिवस नळी, आणि मग हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट. तो आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. गाठ लो ग्रेड की हाय ग्रेड? ती अस्तरापुरती आहे, त्याखालच्या थरात आहे, की स्नायूत घुसली आहे? आणि पाठवलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? तिसरा प्रश्न रुग्ण सहसा विचारत नाहीत. तुकड्यात स्नायूच नसेल तर 'स्नायूत गेलेली नाही' या वाक्याला अर्थ राहत नाही. अशा वेळी, किंवा गाठ अस्तराखालच्या थरात पोचलेली असेल तर, दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा एकदा खरवडतात. पहिल्या वेळी नीट केलं नाही म्हणून दुसऱ्यांदा करतायत, असा संशय धरून डॉक्टर बदलू नका. दुसऱ्या वेळी उरलेली गाठ सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

पाश्चात्त्य देशांतले आकडे सांगतात की निदानाच्या वेळी चारांत तिघांची गाठ स्नायूपर्यंत गेलेली नसते. त्यांची पिशवी बहुधा वाचते. धोका जास्त असेल तर पिशवीत दर आठवड्याला एक असे सहा डोस बीसीजीचे सोडतात. बाळाला क्षयरोगाविरुद्ध टोचतात त्याच जंतूपासून केलेलं हे औषध. अल्वारो मोरालेस यांनी कॅनडातून १९७६ मध्ये त्याचा उपयोग प्रसिद्ध केला आणि आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ते बनवते. स्नायूत गेलेल्या गाठीला मोठी शस्त्रक्रिया किंवा केमो-रेडिएशन लागतं. तिथे युरोलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञ दोघांचं मत एकत्र घ्यावं.

पैशाचं. आयुष्मान भारतशी जोडलेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांना लागू होते आणि पांढऱ्या रेशनकार्डाचीही त्यात सोय झाली आहे. पण ओपीडीत सुट्या केलेल्या तपासण्या साधारणपणे त्यात बसत नाहीत. शस्त्रक्रियेसाठी भरती होताना मंजुरी घ्यावी लागते. म्हणून भरतीच्या आधीच रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा, दोन्हींवरची नावं जुळतात का ते बघा. आधारवर 'भाऊसाहेब' आणि कार्डावर 'भाऊराव' असलं की ऐन वेळी तहसीलच्या चकरा.

घरातल्यांसाठी एक विनंती. रुग्णाला अंधारात ठेवून फाइल लपवू नका. या आजारात गाठ पुन्हा उगवण्याची खोड आहे; पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी दुर्बीण, आणि मग वर्षानुवर्षं ठरावीक अंतराने. 'खडा होता, काढला' असं सांगितलेला माणूस दर तीन महिन्यांनी कशाला येईल?

आणि सगळ्या तपासण्या, दुर्बिणीसकट, स्वच्छ निघाल्या तर? तर रिपोर्ट, सीडी आणि तो मोबाइलवरचा फोटो एका पिशवीत जपून ठेवा, बिडी सोडा, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला लघवीची साधी तपासणी पुन्हा करा. पुन्हा लाल दिसली, अगदी सहा महिन्यांत दिसली, तरी 'मागे सगळं बघितलंय' म्हणून घरी बसायचं नाही. तीच पिशवी उचलायची आणि त्याच डॉक्टरांकडे जायचं.